मेंदूच्या मापनाद्वारे अनुकूली इंटरफेसचे मूल्यमापन

मेंदूच्या मापनाद्वारे अनुकूली इंटरफेसचे मूल्यमापन ही मानव-संगणक आंतरक्रिया या विद्याशाखेतील एक संशोधनपद्धती होय. वापरकर्त्याच्या वर्तनानुसार किंवा परिस्थितीनुसार स्वतःचे रूप आपोआप बदलणारा इंटरफेस माणसाला प्रत्यक्षात कसा वाटतो, त्यातील बदल त्याला साहाय्यक ठरतात की त्याच्या मनावरील भार वाढवतात, हे मेंदूतील विद्युतीय किंवा रक्तप्रवाहविषयक नोंदींवरून अजमावणे हा या पद्धतीचा उद्देश आहे. मेंदूवरून आज्ञा देऊन यंत्र चालवणे हा विषय तिच्याशी संबंधित असला तरी वेगळा आहे. येथे वापरकर्ता मेंदूद्वारे काहीही ‘करत’ नाही. तो आपले नेहमीचे काम करीत असतो आणि त्या वेळी मेंदूत उमटणारी स्थिती बाहेरून टिपली जाते. म्हणून या प्रकारास ‘निष्क्रिय मेंदू-संगणक इंटरफेस’ असेही म्हणतात.

अनुकूली इंटरफेस

माणूस आणि यंत्र यांच्यात जेथे देवाणघेवाण होते त्या भागास इंटरफेस म्हणतात. संगणकाचा पडदा व त्यावरील मेनू, विमानातील नियंत्रणफलक, भ्रमणध्वनीवरील कळफलक ही त्याची नेहमीची उदाहरणे. इंटरफेसचे स्थूलमानाने तीन प्रकार करता येतात. स्थिर इंटरफेस सर्वांसाठी आणि सर्वकाळ सारखाच राहतो. दुसऱ्या प्रकारात बदल करण्याची मुभा असते, पण तो बदल वापरकर्ता स्वतः करतो. तिसऱ्या, म्हणजे अनुकूली प्रकारात बदलाचा निर्णय यंत्र घेते. टंकलेखन करताना पुढचा शब्द सुचवणारा कळफलक हा या तिसऱ्या प्रकारचा, आज सर्वांच्या परिचयाचा नमुना.

निर्णय यंत्राकडे गेल्यामुळे सोय होते, तसेच नवे प्रश्नही उद्भवतात. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० या संचात क्वचित वापरल्या जाणाऱ्या आज्ञा मेनूमधून आपोआप लपवण्याची व्यवस्था होती. मेनू आटोपशीर दिसावा हा त्यामागील हेतू. परंतु काल जी आज्ञा एका जागी होती ती आज तेथे नाही, असा अनुभव अनेकांना येऊ लागला. स्वयंपाकघरातील डबे रोज कोणीतरी परस्पर हलवून ठेवावेत, तसाच हा प्रकार. २००७ च्या आवृत्तीत मेनूंची जागा ‘रिबन’ या स्थिर पट्टीने घेतली. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील लीआ फिंडलेटर व जोआना मॅकग्रेनेर यांनी २००४ मध्ये तिन्ही प्रकारच्या मेनूंची तुलना प्रसिद्ध केली. तीत स्थिर मेनू अनुकूली मेनूपेक्षा जलद ठरला आणि बहुसंख्य सहभागींनी स्वतः बदलता येणाऱ्या मेनूला पसंती दिली. यंत्राने केलेला बदल हा उपकारच असतो, असे गृहीत धरता येत नाही. तो मोजावा लागतो.

मूल्यमापनातील अडचण

उपयोगसुलभतेच्या प्रचलित चाचण्यांत कामास लागलेला वेळ व झालेल्या चुका मोजतात आणि काम संपल्यावर प्रश्नावली भरून घेतात. यांपैकी सर्वाधिक रूढ प्रश्नावली म्हणजे सँड्रा हार्ट व लोवेल स्टेव्हलँड यांनी नासासाठी तयार केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला कार्यभार निर्देशांक. मानसिक भार, शारीरिक भार, वेळेची निकड, स्वतःच्या कामगिरीविषयीचे मत, करावे लागलेले प्रयत्न आणि वैफल्य अशा सहा बाजूंनी सहभागी व्यक्ती आपल्या अनुभवाला अंक देते.

स्थिर इंटरफेससाठी हे पुरेसे होते. अनुकूली इंटरफेस मात्र वापर चालू असतानाच बदलतो. अर्ध्या तासाच्या कामात त्याने वीस वेळा रूप बदलले असेल, तर शेवटी दिलेला एकच अंक त्यांपैकी कोणत्या बदलाविषयी आहे हे सांगता येत नाही. प्रत्येक बदलानंतर थांबवून विचारावे, तर विचारण्यानेच कामाची लय मोडते आणि जे मोजायचे तेच बदलून जाते. शिवाय दोन सहभागींसमोर आलेला इंटरफेस एकच नसतो, कारण तो ज्याच्या त्याच्या वागण्यानुसार घडत गेलेला असतो. केवळ वेळ व चुका मोजल्या तरी प्रश्न उरतोच. दोन माणसे सारख्याच वेळात, सारख्याच अचूकतेने काम पुरे करतात, पण एक सहजपणे आणि दुसरा सर्व शक्ती पणाला लावून. दुसऱ्यावर आणखी थोडे काम पडताच तो कोलमडतो. परीक्षेतील गुण सारखे असणाऱ्या दोन विद्यार्थ्यांबाबत शिक्षकांना हा फरक ठाऊक असतो, मात्र गुणपत्रिकेत तो दिसत नाही. क्षणोक्षणी चालू राहणारी आणि काम न थांबवता घेता येणारी नोंद हवी, या गरजेतून संशोधक मेंदूच्या मापनाकडे वळले.

मापनाची साधने

जर्मनीतील येना येथील मनोविकारतज्ज्ञ हान्स बर्गर यांनी १९२४ मध्ये मानवी मेंदूतील विद्युतीय हालचालींची डोक्याच्या पृष्ठभागावरून प्रथम नोंद केली आणि १९२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. विद्युत्-मस्तिष्कालेखन, म्हणजेच ईईजी, या तंत्राचा हा आरंभ. डोक्यावर ठरावीक जागी इलेक्ट्रोड बसवून त्यांमधील विद्युतदाबाचा फरक मोजतात. हा फरक काही दशक मायक्रोव्होल्ट, म्हणजे व्होल्टच्या दशलक्षांश भागांत मोजावा इतका सूक्ष्म असतो. नोंदीतील लहरींचे वारंवारतेनुसार पट्टे पाडले जातात. सुमारे ४ ते ८ हर्ट्झचा थीटा, ८ ते १३ हर्ट्झचा अल्फा आणि १३ ते ३० हर्ट्झचा बीटा हे पट्टे या विषयात महत्त्वाचे आहेत. मनावरील भार वाढला की कपाळामागील मध्यभागी थीटा लहरी सामान्यतः वाढतात आणि डोक्याच्या मागील बाजूच्या अल्फा लहरी क्षीण होतात. या जोडीवरून बोधनिक भाराचा अंदाज बांधतात.

दुसरे साधन म्हणजे कार्यात्मक निकट-अवरक्त वर्णपटमापन, जे इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘एफनिर्स’ या नावाने ओळखले जाते. निकट-अवरक्त प्रकाश त्वचा व हाड यांतून काही अंशी आरपार जातो, तर ऑक्सिजनयुक्त व ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन तो निरनिराळ्या प्रमाणात शोषून घेतात. या गुणधर्माचा उपयोग करून मेंदूतील ऑक्सिजनची पातळी बाहेरून मोजता येते, हे फ्रान्स योब्सिस यांनी १९७७ मध्ये दाखवले. कपाळावर बांधलेल्या पट्टीतून प्रकाश आत सोडतात आणि परत येणारा प्रकाश काही सेंटिमीटर अंतरावर टिपतात. मेंदूचा जो भाग कामात गुंतलेला असतो तेथे रक्तप्रवाह वाढतो. मात्र हा प्रतिसाद शिखरावर पोहोचण्यास पाच-सहा सेकंद लागतात. ईईजी हजारांश सेकंदातील घडामोडी दाखवते, पण त्या मेंदूच्या नेमक्या कोणत्या भागातल्या हे सांगताना चाचपडते. एफनिर्स जागा बरी सांगते, पण उशिरा. चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा या दोहोंपेक्षा कितीतरी स्पष्ट असतात, परंतु त्यासाठी माणसाला अवजड यंत्राच्या नळीत निश्चल पडून राहावे लागते. मेजापाशी बसून काम करणाऱ्याच्या अनुभवासाठी त्यांचा उपयोग मर्यादितच.

लँगली येथील प्रयोग

या क्षेत्रातील पायाभूत प्रयोग अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातल्या नासाच्या लँगली संशोधन केंद्रात झाला. अ‍ॅलन पोप, एडवर्ड बोगार्ट व डेबी बार्टोलोमी यांनी तो १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. त्याची पार्श्वभूमी विमानोड्डाणाची होती. स्वयंचलित यंत्रणा वाढल्या तसे वैमानिकाचे काम केवळ देखरेखीचे उरले आणि देखरेख करणाऱ्याचे लक्ष उडू लागले. यंत्राने किती काम आपल्याकडे घ्यावे आणि किती माणसाकडे ठेवावे, हे माणसाच्या गुंतलेपणावरून ठरवता येईल का, असा प्रश्न संशोधकांपुढे होता. सहभागींना वैमानिकाच्या कामांशी साधर्म्य असलेला एक संगणकीय कामांचा संच दिला गेला. त्यातील लक्ष्याचा माग ठेवण्याचे काम कधी यंत्र करी, तर कधी सहभागी व्यक्ती.

प्रयोगाची रचना कल्पक होती. गुंतलेपणाचा निर्देशांक म्हणून लहरींची कोणती गुणोत्तरे घ्यावीत याविषयी अनेक सूचना पुढे आल्या होत्या. त्यांतील खरा निर्देशांक कोणता, हे वादाने न ठरवता प्रत्येकाला यंत्रणेच्या चक्रात बसवून पाहण्यात आले. इस्त्री तापली की तिच्यातील नियंत्रक वीज बंद करतो आणि निवली की पुन्हा सुरू करतो. त्याच धर्तीवर निर्देशांक घसरला की माग ठेवण्याचे काम माणसाकडे सोपवायचे आणि तो चढला की यंत्राकडे द्यायचे, ही झाली ऋण प्रत्याभरणाची स्थिती. याउलट धन प्रत्याभरणात निर्देशांक घसरताच काम काढून घेतले जाई. निर्देशांक खरोखरच गुंतलेपणा दाखवत असेल, तर पहिल्या स्थितीत कामाची अदलाबदल वारंवार व्हायला हवी आणि दुसऱ्या स्थितीत यंत्रणा एका टोकाला जाऊन अडकायला हवी. निर्देशांक निरर्थक असेल, तर दोन्ही स्थितींत फारसा फरक पडू नये. बीटा लहरींच्या शक्तीस अल्फा व थीटा यांच्या बेरजेने भागून येणारे गुणोत्तर या कसोटीत सर्वांत उजवे ठरले. पुढील अनेक संशोधकांनी ‘गुंतलेपणाचा निर्देशांक’ म्हणून तेच वापरले. पुष्कळदा मात्र गुणोत्तर तेवढे उचलले गेले आणि ते ज्या कसोटीतून निघाले ती कसोटी मागेच राहिली.

टफ्ट्स विद्यापीठातील काम

मॅसॅच्युसेट्समधील टफ्ट्स विद्यापीठात रॉबर्ट जेकब यांच्या गटाने एफनिर्स हे साधन इंटरफेसच्या अभ्यासात रुजवले. नेहमीच्या संगणककामात हे साधन टिकाव धरते का, हे एरिन सोलोवी व सहकाऱ्यांनी २००९ मध्ये तपासले. कळफलक व माउस यांचा वापर नोंदींच्या आड येत नाही, परंतु डोक्याची मोठी हालचाल आणि कपाळाला आठ्या घालणे टाळावे लागते, असे त्यांना आढळले.

२०१२ मध्ये याच गटाने ‘ब्रेनपुट’ ही यंत्रणा सादर केली. तीत सहभागी व्यक्ती संगणकातील दोन आभासी यंत्रमानवांना एकाच वेळी वाट दाखवीत असे. एक काम मनात धरून ठेवून दुसरे करण्याची विशिष्ट मानसिक अवस्था ओळखली गेली की यंत्रमानव अधिक स्वायत्त होत. ही मदत योग्य वेळी मिळाली तेव्हा कामगिरी सुधारली.

इव्हान पेक व सहकाऱ्यांचा २०१३ मधील अभ्यास मूल्यमापनाच्या दृष्टीने अधिक बोलका आहे. स्तंभालेख आणि वृत्तालेख यांपैकी समजण्यास सोपा कोणता, हा सांख्यिकीच्या शिकवणीतला जुना वाद. एफनिर्सच्या नोंदींतून दोहोंपैकी कोणताही सर्वांसाठी सरसकट सोपा ठरला नाही. मात्र ज्या व्यक्तीस जो आलेख अवघड वाटल्याचे तिने सांगितले, त्या मताचे प्रतिबिंब तिच्या मेंदूच्या नोंदीत पडलेले दिसले. सर्वांची सरासरी काढली असती तर हा भेद पुसला गेला असता. अनुकूली इंटरफेसची गरजच अशा व्यक्तिभिन्नतेतून निर्माण होते.

बेस्ते युक्सेल व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये पियानो शिकवणारी यंत्रणा तयार केली. नवशिक्या वादकाला योहान सेबास्टियन बाख यांच्या भक्तिरचना टप्प्याटप्प्याने शिकवायच्या आणि पुढचा, अधिक अवघड टप्पा केव्हा द्यायचा हे त्याच्या बोधनिक भारावरून ठरवायचे, असे तिचे स्वरूप होते. भार ठरावीक मर्यादेखाली उतरला, म्हणजे आधीचा भाग अंगवळणी पडला, असे मानून पुढचा भाग समोर येई. या रीतीने शिकलेल्यांचे वादन स्वतःच्या पद्धतीने शिकताना झालेल्या वादनापेक्षा अधिक अचूक व गतिमान झाले. चांगला गुरू शिष्याच्या चेहऱ्याकडे पाहून जे ओळखतो, त्याचा एक छोटा तुकडा येथे यंत्राला साधला आहे.

चुकीची दखल घेणारे संकेत

भार किंवा गुंतलेपणा या हळूहळू बदलणाऱ्या अवस्था आहेत. यंत्राने केलेला विशिष्ट बदल वापरकर्त्याला पटला की खटकला, हे जाणण्यासाठी ईईजीतील क्षणिक प्रतिसाद उपयोगी पडतात. माणसाकडून चूक घडताच मेंदूत विशिष्ट संकेत उमटतो, हे १९९० च्या सुमारास जर्मनी व अमेरिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे नोंदवले. समोरच्या यंत्राने अनपेक्षित किंवा नको ते केले तरी याच कुळातला प्रतिसाद मिळतो आणि तोही अर्ध्या सेकंदाच्या आसपास. प्रश्नावलीतील उत्तराला जे साधत नाही ते येथे साधते, कारण मत नेमक्या त्या बदलाला जोडलेले असते.

टोर्स्टेन झांडर व सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सहभागी व्यक्ती पडद्यावरील जाळीत उड्या मारणारा कर्सर फक्त पाहत होत्या. प्रत्येक उडीला मेंदूने दिलेल्या अनैच्छिक प्रतिसादावरून यंत्रणा शिकत गेली आणि कर्सर लक्ष्याकडे जाऊ लागला. तो आपल्यामुळेच तिकडे जात आहे याची सहभागींना जाणीव नव्हती. मूल्यमापनाचे इतके सूक्ष्म साधन हाती येणे ही मोठी गोष्ट आहे, आणि माणसाने न दिलेले मत त्याच्याकडून काढून घेता येते ही अस्वस्थ करणारी बाजूही तिच्यातच आहे.

अर्थनिर्णयातील मर्यादा

मेंदूच्या नोंदीला स्वतःचा असा अर्थ नसतो. भार वाढलेला दिसला तर माणूस गोंधळला आहे, की कोडे सुटत आल्याने रंगून गेला आहे, हे केवळ नोंद सांगू शकत नाही. मेंदूचा विशिष्ट भाग सक्रिय झाला यावरून विशिष्ट भावना उद्भवली असे म्हणणे हा उलटा तर्क आहे, याकडे रसेल पोल्ड्रॅक यांनी २००६ मध्ये लक्ष वेधले. म्हणून मेंदूची नोंद, कामगिरी आणि व्यक्तीचे स्वतःचे सांगणे या तिन्ही गोष्टी शेजारी ठेवून पाहण्याची शिस्त आवश्यक ठरते. तिन्ही जुळत नाहीत तेव्हा मेंदूची बाजू आपोआप खरी मानण्याचा मोह होतो. यंत्रातून आलेला अंक अधिक शास्त्रीय वाटतो इतकेच त्याचे कारण.

अनुकूली इंटरफेसच्या बाबतीत आणखी एक खास अडचण आहे. ज्या निर्देशांकावरून इंटरफेस बदलतो त्याच निर्देशांकाने त्याचे यश मोजले, तर विचार वर्तुळात फिरतो. भार कमी व्हावा म्हणून रचलेल्या यंत्रणेने भाराचा आकडा खाली आणला, यातून आकडा खाली आला एवढेच सिद्ध होते. पियानोच्या प्रयोगात यशाची कसोटी मेंदूबाहेरची, म्हणजे वादनाची अचूकता ही होती. तुलनेसाठीही काळजी घ्यावी लागते. एकाच्या मेंदूनुसार घडलेले बदल त्याच क्रमाने व वेळी दुसऱ्यालाही दाखवायचे आणि दोघांची कामगिरी ताडून पाहायची, हा त्यातला एक मार्ग. दुसऱ्यालाही तितकाच लाभ झाला, तर तो मेंदूशी जुळवून घेण्याचा नसून नुसत्या बदलाचा परिणाम होता.

नोंदीतील भेसळ हा तिसरा प्रश्न. पापणीच्या एका उघडझापीने निर्माण होणारा विद्युतदाब मेंदूच्या लहरींपेक्षा कितीतरी मोठा असतो. जबड्याच्या व कपाळाच्या स्नायूंचे विद्युतसंकेत बीटा पट्ट्यात मिसळतात, त्यामुळे गुंतलेपणा वाढला असे वाटते तेथे माणसाने फक्त दात आवळलेले असू शकतात. भारतात विजेच्या तारांमधून येणारी ५० हर्ट्झची गुणगुणही गाळावी लागते. व्यक्तिव्यक्तींतील फरक मोठा असल्याने प्रत्येकासाठी आधी मापदंड ठरवावा लागतो. त्यासाठी एकामागून एक दिसणाऱ्या अक्षरांतील दोन किंवा तीन घरे मागचे अक्षर लक्षात ठेवण्याची सोपी-अवघड कामे देऊन त्या व्यक्तीचा कमी व अधिक भार नोंदवून घेतात.

केस आणि त्वचा यांचाही संबंध येतो. दाट, काळ्या केसांतून आणि मेलॅनिन अधिक असलेल्या त्वचेतून निकट-अवरक्त प्रकाशाचा संकेत क्षीण होऊन मिळतो. ईईजीसाठी डोके धुऊन, तेल न लावता यावे लागते आणि जाड वेणी किंवा अंबाडा असल्यास इलेक्ट्रोड नीट टेकत नाहीत. खराब नोंदी गाळण्याच्या नावाखाली अशा व्यक्तीच गाळल्या गेल्या, तर त्या निष्कर्षांवर बेतलेला इंटरफेस त्यांच्यासाठी तपासलेलाच नसतो. भारतीय वापरकर्त्यांच्या दृष्टीने हा तपशील किरकोळ नाही.

खासगीपणा आणि संमती

इंटरफेस तपासण्यासाठी घेतलेली नोंद इंटरफेसपुरतीच राहील याची खात्री तंत्रज्ञान देत नाही. तिच्यातून झोपाळूपणा, लक्ष विचलित होणे, काही आजारांच्या खुणा अशा इतर गोष्टीही कळू शकतात. २०१९ मध्ये चीनच्या झेजियांग प्रांतातील एका प्राथमिक शाळेत मुलांच्या कपाळावर एकाग्रता मोजणाऱ्या पट्ट्या बांधल्याचे उघड झाले आणि लोकांच्या टीकेनंतर तो वापर थांबवण्यात आला. शिकवणीची पद्धत तपासण्यासाठी मोजणे आणि मुलाला तपासण्यासाठी मोजणे यांतील सीमारेषा तेथे पुसली गेली होती. वर्गात खिडकीबाहेर पाहणारे मूल विचार करीत आहे की नाही, हे ती पट्टी सांगू शकत नव्हती.

चिलीने २०२१ मध्ये राज्यघटनेत दुरुस्ती करून मेंदूतील हालचाली व त्यांतून मिळणारी माहिती यांना संरक्षण दिले. २०२३ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने एका कंपनीला ग्राहकाची मेंदूविषयक माहिती पुसून टाकण्याचा आदेश दिला.

भारतात हा प्रश्न प्रथम वेगळ्या वाटेने न्यायालयापुढे आला. २००८ मध्ये पुण्यातील एका खून खटल्याच्या निकालात आरोपीच्या ईईजीवर आधारलेल्या चाचणीचा आधार घेण्यात आला होता आणि त्यावर देशविदेशातील शास्त्रज्ञांनी टीका केली होती. पुढे ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या प्रकरणात, संमतीविना अशा चाचण्या करणे हे स्वतःविरुद्ध साक्ष देण्यास भाग पाडण्यासारखे असून ते घटनेच्या अनुच्छेद २० (३) चा भंग करते, असा निर्णय दिला. तो निर्णय गुन्हेतपासापुरता आहे. नोकरीच्या ठिकाणी, शाळेत किंवा एखाद्या उत्पादनाच्या चाचणीत घेतलेल्या नोंदींना २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा इतर वैयक्तिक माहितीसारखाच लागू होतो. मेंदूच्या नोंदींसाठी त्यात वेगळा वर्ग केलेला नाही.